विसावा : चौथ्या आज्ञेचे मर्म

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या सोनाळा परिसरात श्रावण सरत आला म्हणजे पोळ्याची चाहूल लागते. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी शेतकरी बैलांना धुऊन आणतो, वर्षभर जुवाने घासलेले त्यांचे खांदे ऊन पाण्याने शेकतो आणि त्यांवर हळद व तूप चोळतो. यासच वऱ्हाडात खांदशेकणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी, अमावास्येस, बैलाच्या मानेवर जू चढत नाही. आता पुष्कळ शेतांत ट्रॅक्टर आले आहेत. तथापि ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे तो हा दिवस सहसा चुकवीत नाही. आपण ख्रिस्ती जन या सणातील पूजेत भाग घेत नसलो, तरी त्यातील एक गोष्ट आपण आदराने शिकण्याजोगी आहे. ज्याच्या श्रमावर आपण जेवतो, त्याचा विसावा हे आपल्यावरचे ऋण होय. दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेचे मर्मही हेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, आळस हा माणसाचा शत्रू, असे तुम्ही पहिल्या इयत्तेपासून पाटीवर लिहीत आला आहात. त्यामुळे स्वस्थ बसणे म्हणजे काहीतरी पाप, असा तुमचा समज झाला असल्यास नवल नाही. परंतु ही आज्ञा नीट वाचा. तिचे दोन भाग आहेत : सहा दिवस श्रम करावे आणि सातव्या दिवशी थांबावे. पहिला भाग न पाळणाऱ्यास दुसऱ्या भागाचा आश्रय घेता येत नाही, हे आळशाने ध्यानात ठेवावे. आणि पहिला भाग पाळणाऱ्यास दुसरा भाग टाळता येत नाही, हे उद्योगी मनुष्याने ध्यानात ठेवावे.

पुढे या आज्ञेत एक यादी येते. थांबावयाचे ते केवळ घरधन्याने नव्हे, तर त्याच्या मुलाने, मुलीने, दासाने, दासीने, गुराढोरांनी आणि वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यानेही. अनुवादाच्या पुस्तकात याचे कारणही दिले आहे. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते. तेथे ते विटा पाडीत आणि त्यांच्यावर मुकादम असत. गुलाम तो, ज्याला आपले काम आपल्या इच्छेने थांबवता येत नाही. ज्याने ते दुःख भोगले त्याने आपल्या घरी कोणालाही तसे राबवू नये, हा या आज्ञेचा रोख आहे. लेवीय पुस्तकात तर सातव्या वर्षी जमिनीलाही पडीत ठेवून विसावा द्यावा, असा नियम सांगितला आहे.

ही आज्ञा आपल्या महाराष्ट्रभूमीस परकी नाही. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत, बेने इस्राएल नावाचा यहुदी समाज शेकडो वर्षे राहिला. ते मराठी बोलत व पुष्कळ जण तेलाचे घाणे चालवीत. काळाच्या ओघात आपल्या धर्माचे पुष्कळसे ज्ञान ते विसरले; पण शनिवारी घाणा बंद ठेवावयाचे विसरले नाहीत. म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. त्यांची ओळख त्यांच्या श्रमाइतकीच त्यांच्या विसाव्यावरून ठरली.

प्रभू येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, म्हणून ख्रिस्ती मंडळी रविवारी उपासनेसाठी जमू लागली. इ. स. ३२१ मध्ये रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन याने रविवारी न्यायालये व शहरातील धंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला; मात्र शेतीच्या कामास त्याने सूट दिली. राजाचा कायदा शहराच्या वेशीपाशी थांबला. परमेश्वराची आज्ञा मात्र बैलापर्यंत पोहोचली होती.

आपल्या देशातही असेच घडले. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मजुरांना आठवड्याची नियमित सुटी नव्हती. १८८१ च्या कारखाने कायद्याने लहान मुलांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. मोठ्यांना काही नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि मजुरांच्या मागण्यांत रविवारच्या सुटीला पुढचे स्थान दिले. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी ही सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने कारखान्यांतील मजुरांना साप्ताहिक सुटीचा आधार मिळाला. राज्यकर्ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, तरी गरिबाच्या विसाव्यासाठी झगडणारा पुरुष सत्यशोधक समाजाचा होता, हे आपण नम्रतेने कबूल केले पाहिजे. हा कायदाही कारखान्याच्या फाटकाबाहेर गेला नाही. आपल्या वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाईला त्याने सुटी दिली नाही.

परंतु केवळ हात थांबल्याने विसावा पुरा होत नाही. हात रिकामे आणि मन मात्र उद्याच्या परीक्षेत, उधारीत किंवा खिशातील फोनमध्ये गुंतलेले, अशी आपली स्थिती असते. एलीया संदेष्टा राणीच्या भयाने रानात पळाला व एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्यास बोल लावला नाही, उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिले, जेवू घातले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा जेवू घातले. त्यानंतरच होरेब डोंगरावर वारा, भूकंप व अग्नी निघून गेल्यावर त्याला परमेश्वराची मंद वाणी ऐकू आली. थकलेल्या देहास आधी झोप हवी असते. आणि मंद वाणी ऐकण्यास शांत मन हवे असते. प्रभू येशूही गालील समुद्रावरील वादळात नावेत निजला होता. ही बेपर्वाई नव्हे. हा पित्यावरील भरवसा होता. जो थांबतो तो जणू असे कबूल करतो की, जग माझ्या खांद्यावर चाललेले नाही.

तथापि विसाव्याचे निमित्त करून कोणी दया नाकारू नये. प्रभूने शब्बाथ दिवशी रोगी बरे केले, आणि आक्षेप घेणाऱ्यांना विचारले की, विहिरीत पडलेला बैल तुम्ही त्या दिवशी बाहेर काढीत नाही काय? विसावा मनुष्यासाठी आहे, मनुष्याला छळण्यासाठी नव्हे.

आता एक घरातील गोष्ट. शास्त्राच्या तासाला एक मुलगा ही आज्ञा मोठ्याने वाचीत होता. यादी संपल्यावर तो थांबून म्हणाला, “गुरुजी, यात आई कुठे आहे?” मी पुस्तक पाहिले. मुलगा आहे, मुलगी आहे, दासी आहे, बैल आहे. गृहिणीचे नाव खरोखरच नाही. मी उत्तर दिले की, आज्ञा ज्याला ‘तू’ म्हणते त्यात नवरा व बायको दोघेही आली. घरधनीण ही विसावा देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून यादीत नाही. उत्तर चुकीचे नव्हते. पण त्या रविवारी उपासनेहून परतल्यावर मी खाटेवर पडलो, मुले अंगणात खेळू लागली, आणि घरात भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. पाहुणे असल्याने त्या दिवशी इतर दिवसांहून अधिक भाकऱ्या होत्या. पुष्कळ वर्षे ही आज्ञा मी फळ्यावर लिहिली होती. माझ्या घरात ती चुलीपाशी थांबली होती. मी उठलो. त्या दिवसापासून आमच्या घरी रविवारी रात्रीची भांडी मी व मुले घासतो. हे फार थोडे आहे, हे मी जाणतो.

म्हणून, मित्रहो, गृहपाठ शनिवारीच पुरा करा. पाणी भरणे, निवडणे-टिपणे ही कामे आईबरोबर आदल्या दिवशी उरका. रविवारी सायंकाळी पंधरा मिनिटे काही न मागता देवासमोर स्वस्थ बसा. प्रथम ते जड जाईल. पालकहो, परीक्षेच्या भयाने लेकरांची झोप मोडू नका. वाचलेले झोपेत मनात मुरते, असे आजचे शास्त्रही सांगते.

पोळा संपला म्हणजे बैल पुन्हा जुवाखाली जातो. प्रभूनेही कष्टी जनांना आपल्याकडे बोलावले तेव्हा जू नाहीसे करण्याचे वचन दिले नाही. माझे जू घ्या, ते सोयीचे आहे, अशा अर्थाचे तो बोलला. काम उरणारच आहे. पण येत्या रविवारपूर्वी प्रत्येकाने आपल्या घरात एकवार पाहावे की, कोणाचा खांदा अजून शेकावयाचा राहिला आहे.