अंगठा लागत नाही

आमच्या बँकेच्या काउंटरवर शाईचे एक पॅड असायचे. मी १९८२ साली नोकरीला लागलो तेव्हा मराठवाड्यातल्या कुठल्याही शाखेत बाजाराच्या दिवशी त्या पॅडला उसंत नसे. पुरुषाचा डावा अंगठा, बाईचा उजवा, शेजारी साक्षीदाराची सही आणि पासबुकावर खातेदाराचा फोटो. अंगठेवाल्या खातेदाराला चेकबुक मिळत नसे. पैसे काढायला त्याला स्वतःच यावे लागे, आणि आल्यावर तो बहुधा ओशाळलेला असे.

पुढे १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले, गावोगाव रात्रीचे वर्ग भरले. त्या काळातल्या सरकारी मोहिमांबद्दल बरेच वाकडे बोलता येईल, पण अंगठ्याऐवजी यापुढे सही ग्राह्य धरावी असे अर्ज माझ्या टेबलावर आलेले आहेत, हे मी विसरलेलो नाही. पन्नाशीची एखादी बाई स्लिपवर आपले नाव काढायला पाच मिनिटे घ्यायची आणि मागची रांग मुकाट्याने थांबायची. इतर वेळी रांगेतले लोक काय बोलतात, हे काउंटरमागे बसलेल्यालाच ठाऊक.

आज त्या बाईकडे सही कुणी मागत नाही. अंगठा मागतात.

निवृत्त झाल्यापासून मी लिंबागणेशला राहतो. बीड तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना भालचंद्र गणपतीमुळे माहीत. गावातल्या मिनी बँकेत टेबल, लॅपटॉप आणि काडेपेटीएवढे बोट वाचणारे यंत्र, एवढाच संसार. बँकांना गावात प्रतिनिधी नेमायची मुभा रिझर्व्ह बँकेने २००६ साली दिली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली. ही सोय वाईट, असे मी म्हणणार नाही. पाचशे रुपयांसाठी दिवसाची मजुरी बुडवून शाखेत आलेली माणसे मी पाहिली आहेत.

पण अंगठा लागत नाही.

आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती. पाच-सहा महिने मुठीत कोयता, उसाच्या पाल्याची करवतीसारखी धार, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीत चढवणे. फडावरून परत येतात तेव्हा बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. म्हातारपणी कातडीच सुकते, ते वेगळे. मग यंत्रावर लाल दिवा लागतो. मावशी पदराला बोट पुसतात, केसांवर घासतात, कुणी तेलाचा हात फिरवायला सांगते. दहाही बोटे होतात. शेवटी टेबलावरचा मुलगा म्हणतो, "मावशी, उद्या या, आज सर्व्हर डाऊन हाय." सर्व्हर डाऊन नसतो. तुमचे बोट चालत नाही, हे तोंडावर सांगणे त्याला बरे वाटत नाही. त्याच्यावर मी रागावत नाही. मिळणाऱ्या कमिशनपेक्षा शिव्याच तो जास्त खातो.

आधारचा प्रारंभ आपल्याच राज्यात झाला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला. अंगमेहनत करणाऱ्यांची बोटे झिजतात हे योजना आखणाऱ्यांना ठाऊक होते. बोटांबरोबर डोळ्यांची बुबुळेही टिपून घेतली, त्यामागे हेही एक कारण होते. बुबुळ वाचणारे यंत्र मात्र आमच्या टेबलावर मी अजून पाहिलेले नाही.

अंगठा नाही तर ओटीपी. तो येतो फोनवर, आणि फोन असतो नवऱ्याकडे, नाही तर पुण्यातल्या मुलाकडे. रिचार्ज संपलेला असला तर कुणाकडेच नसतो. लाडकी बहीण योजनेत महिना दीड हजार मिळू लागले ते २०२४ साली. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या ओटीपीबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. नवरा गेलेला, वडील त्याआधीच गेलेले, मग तो यायचा कुणाच्या फोनवर? पुढे वेगळी सोय करावी लागली, मुदत वाढवावी लागली. बाई बहीण म्हणून हवी, पण विधवाही असू शकते, हे आधी कुणाच्या ध्यानात आले नसावे.

गेल्या नोव्हेंबरात माझीच वेळ आली. आम्हा पेन्शनरांना दरवर्षी आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. हयातीचा दाखला २०१४पासून बोट लावूनही देता येतो. माझे बोट लागेना. बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला. मराठीसाठी तीन दाबले, पेन्शनसाठी पाच दाबले, आणि मग बावीस मिनिटे सनई ऐकली. मधूनमधून एक बाई हिंदीतून सांगत होती की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. दाखला कागदावरही देता येतो, हा नियम मला पाठ होता म्हणून निभावले. शाखेत जाऊन फॉर्म भरला. तिथला तरुण अधिकारी आदबीने म्हणाला, "काका, हे घरबसल्या झालं असतं की!"

फोन येतात तेही ऐकणारे नसतातच. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या, तेव्हा भर दुपारी नेतेमंडळींचा टेप केलेला आवाज यायचा. आमच्या शेजारच्या आजी तो माणूस समजून बोलत राहायच्या. "आरं दादा, नळाला पाणी कधी यायचं ते सांग की." पलीकडून चिन्ह कोणते ते सांगून फोन बंद.

टीव्हीवाल्यांचे काय सांगावे? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि आमचा जिल्हा आठवडेच्या आठवडे पडद्यावर राहिला. ती बातमी दाखवायलाच हवी होती. पण मिनी बँकेतून रिकाम्या हाताने परतणारी मावशी कधीच पडद्यावर येत नाही.

मला खरी धास्ती आहे ती वेगळीच. केवायसी न केल्यास खाते बंद होईल, असे बँक सांगते. चोरही नेमके हेच सांगतो, त्याच शब्दांत. आलेल्या हुकमाप्रमाणे आकडे सांगायची सवय आम्हीच लोकांना लावली, आणि आता आकडे सांगू नका म्हणून त्याच फोनवर बजावतो. शाखेत ओळखीचा कारकून होता तोवर निदान कुणाचे ऐकायचे हे तरी माहीत असे.

नियम नाहीत असे नाही. आधार कायदा बहुतांशी कायम ठेवणाऱ्या २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात, पडताळणी जमली नाही म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच बँकसेवा द्यावी, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळवले आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर लोकपालाकडे जाता येते, आणि त्याला फी पडत नाही.

हे सगळे मी मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत लिहिले आणि त्या मुलाच्या परवानगीने मिनी बँकेच्या भिंतीवर चिकटवले. आठवड्याने पाहतो तर त्यावर रिचार्जच्या नव्या प्लॅनची जाहिरात. मी दुसरी प्रत लिहून काढली आहे. या खेपेला ती यंत्राच्या अगदी समोर, मावशी बसतात त्या बाजूला लावणार आहे, आणि खळ जरा जास्त घेणार आहे.