नशा उतरते, खूण उरते

गैरसमज : नशा उतरली की शरीर मोकळे झाले.
वस्तुस्थिती : दारू पाण्यात विरघळते आणि लवकर बाहेर पडते. गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, चरबीत मुरतो. डोके काही तासांत ताळ्यावर येते. चरबीतला टीएचसी मात्र रक्तात हळूहळू झिरपत राहतो. यकृत त्याचे टीएचसी-सीओओएच बनवते आणि लघवीच्या चाचणीत तेच सापडते. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीत ते साधारण तीन दिवस दिसते, रोज ओढणाऱ्याच्या महिनाभर किंवा त्याहूनही जास्त.

गैरसमज : भांग चाचणीत येत नाही.
वस्तुस्थिती : भांग पानांची, गांजा फुलोऱ्याचा, चरस राळेचा, झाड एकच. १९८५च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने आणि बिया वगळल्या, म्हणून भांगेचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. लघवीतला अवशेष मात्र तिन्हींचा सारखाच.

गैरसमज : तासाभरात चढली नाही, म्हणजे भांगेची थंडाई फिकी होती.
वस्तुस्थिती : धूर काही मिनिटांत मेंदूवर परिणाम करतो, पोटात गेलेल्या भांगेला अर्धा ते दोन तास लागतात. शिवाय यकृतात तयार होणारे ११-हायड्रॉक्सी-टीएचसीही चांगलीच नशा आणते. धीर न धरता घेतलेला दुसरा पेला पहिल्याच्या जोडीने चढतो. मग छातीत धडधड, घबराट, उलट्या सुरू होतात.

गैरसमज : लिंबूपाणी, ताक ढोसले की चाचणी ‘निल’ येते.
वस्तुस्थिती : पाण्याने लघवी पातळ होते, चरबीतला टीएचसी हलत नाही. लघवी पातळ झाली आहे का हे कळावे म्हणून प्रयोगशाळा तिच्यातले क्रिएटिनिनही मोजते. ते फार कमी भरले तर नमुना पुन्हा मागतात.

गैरसमज : शेजारी कोणी ओढले तरी आपण अडकतो.
वस्तुस्थिती : प्राथमिक चाचणीची मर्यादा बहुतेक ठिकाणी मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम असते. मोकळ्या हवेतल्या धुराने ती ओलांडली जात नाही. कोंदट बंद खोलीत दाट धुरात बराच वेळ बसल्यास काही तासांपुरता अपवाद घडू शकतो.

गैरसमज : पॉझिटिव्ह म्हणजे माणूस त्या क्षणी नशेत होता.
वस्तुस्थिती : टीएचसी-सीओओएच स्वतः नशा आणत नाही, पूर्वी सेवन झाले एवढेच ते सांगते. खेळाडूंसाठी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१३ मध्ये मर्यादा १५ वरून १५० नॅनोग्रॅम केली, ती जुन्या सेवनापेक्षा स्पर्धेच्या वेळचे सेवन पकडले जावे म्हणून. नोकरीतल्या चाचण्यांत अशी सवलत सहसा नसते. २०२२ पासून भारतात वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या अचानक चाचण्या होतात, त्यांत गांजाही तपासला जातो. तिथे ‘सुट्टीत घेतली होती’ हे उत्तर चालत नाही.