कोराडीएवढी वीज उन्हातून हवी, तर जमीन किती?

नागपूरचे मे महिन्यातले ऊन आम्ही वाचकांना समजावून सांगायला नको. कूलर दिवसभर चालतो, बिल येते आणि घरात कोणीतरी म्हणतेच, "एवढे ऊन असताना कोळसा कशाला?" दुसरा लगेच म्हणतो, "तेवढ्या पॅनलना सारी शेती लागेल!" शेवटी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

शहराजवळच्या कोराडीत 660 मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, म्हणजे 1,980 मेगावॅट. एक मेगावॅट सौर प्रकल्पाला साधारण चार एकर जागा लागते. सरळ गुणाकार केला तर आठ हजार एकर होतात. पण कोळशाचा संच रात्रीही चालतो आणि सूर्य संध्याकाळी मावळतो. वर्षभराच्या युनिटांची बरोबरी करायची, तर जवळपास चौपट पॅनल लागतील. म्हणजे सुमारे तीस हजार एकर, सव्वाशे चौरस किलोमीटर. नागपूर शहराचा निम्म्याहून अधिक भाग! जिल्ह्याचा मात्र जेमतेम सव्वा टक्का. रात्रीसाठी बॅटऱ्या वेगळ्याच.

आकडा मोठा आहे, पण कोळसाही जमीन खातोच. उमरेडची खाण किंवा राखेचे तलाव पाहिले की ते कळते.

खरा प्रश्न आहे तो जमीन कोणाची, हा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याला ते बरे वाटेल. मात्र भाडे सातबाऱ्यावरच्या मालकाला मिळते, त्या शेतात निंदण करणाऱ्या बाईला नाही. म्हणून आमचे मत असे की आधी छते भरावीत.

एक किलोवॅटला शंभर चौरस फूट छत पुरते आणि महिन्याला सरासरी शंभर-सव्वाशे युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, तर तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. ते पॅनल बसल्यावर खात्यात येते, त्यामुळे आधी पैसा आपलाच लागतो. व्याजाचे कर्ज नको असलेल्या घरांनी एक किलोवॅटपासून सुरुवात केली तर बिघडत नाही.

मोमिनपुऱ्यासारख्या दाट वस्तीत अडचण वेगळी. छत एक, वारस पाच. शेजारच्या नव्या मजल्याची सावली अर्ध्या छतावर, आणि मीटर अजून मरहूम दादांच्या नावावर. तेव्हा पॅनलवाल्याला बोलावण्याआधी मीटर नावावर करून घ्या, भावा-बहिणींची संमती लेखी घ्या आणि दुपारी बारा ते तीन छतावर सावली कुठवर येते, ते खडूने आखून ठेवा.