कोयत्याची जन्मपत्रिका

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी जमवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण चाकू, कोयते, विळे आणि अडकित्ते जमवायचे, हा काय छंद झाला? कोयता तो कोयता! दाराआड खुंटीला अडकलेला असतो, बोथट झाला की दगडावर घासून घ्यायचा, आणि पार झिजला की भंगारवाल्याच्या तराजूत टाकायचा. त्यात जमवण्यासारखे असे काय आहे, असे तुम्ही म्हणाल.

त्याचे उत्तर देण्यापूर्वी तुम्हाला जरा दूरच्या मुलखात नेतो. अमेरिकेत खिशात ठेवण्याचे मिटते चाकू आणि शिकारीला न्यायच्या सुऱ्या जमवणारी माणसे पुष्कळ आहेत. आजोबांचा चाकू नातवाकडे यावा, त्याने तो जपावा, अशी तिकडे रीतच आहे. या चाकूंची नावे मोठी गमतीची. गुराख्याचा तीन पात्यांचा चाकू तो ‘स्टॉकमन’. त्यातले एक पाते जनावरे खच्ची करण्याच्या कामाचे. सापळे लावून जनावरांची कातडी मिळवणाऱ्याचा दोन लांब पात्यांचा चाकू तो ‘ट्रॅपर’. म्हणजे ज्याचे काम, त्याच्या नावाचा चाकू.

पेनसिल्व्हानिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचे गाव आहे. तेथील ‘केस’ या कारखान्याच्या चाकूंवर जमवणाऱ्यांचा विशेष जीव. याचे एक कारण असे की, त्या चाकूवर त्याची कुळकथा कोरलेली असते. पात्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो. १९७० साली या शिक्क्याखाली दहा ठिपके होते. पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी केला. म्हणजे ७१ साली नऊ, ७२ साली आठ, असे करत ७९ साली एक. ठिपके मोजले की चाकूचे जन्मवर्ष कळते. शिवाय पात्यावर आकडा असतो. समजा ६२५४ असा आकडा आहे. पहिला सहा सांगतो की मूठ हाडाची आहे. पुढचा दोन सांगतो की पाती दोन आहेत. उरलेला चोपन्न हा घाटाचा, म्हणजे नमुन्याचा क्रमांक. चाकू हातात घ्यावा आणि पोथीसारखा वाचावा, अशी ही सोय आहे.

आता आपल्या घरचा कोयता उलटसुलट करून पाहा. शिक्का आहे का? बहुधा नाही. आकडा? नाही. ठिपके? तेही नाहीत. मग याची जन्मपत्रिका कुठे मांडलेली आहे? ती माणसांच्या तोंडी आहे. ज्या लोहाराने तो घडवला, ज्या आजीने तो वापरला, ज्या कातकरी दादाने तो कंबरेला लावून जंगल पालथे घातले, त्यांच्या आठवणीत ती आहे. ती माणसे आहेत तोवर ती वाचता येते. माणूस गेले की कोयता मुका होतो, आणि मग तो खरोखरच किलोच्या भावाचा लोखंडाचा तुकडा उरतो. म्हणून आपल्याकडे नुसत्या वस्तू जमवून भागत नाही. वस्तूबरोबर तिची हकीकत जमवावी लागते.

पनवेलच्या परिसराचेच उदाहरण घेऊ. पनवेल हे जुने बंदर. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि घाटावरच्या मालाची येथे वर्दळ वाढली. एकोणिसाव्या शतकात बैलगाडीची चाके करण्याबद्दल हे गाव नावाजलेले होते. चाक म्हटले की सुतार आला, आणि चाकावर लोखंडी धाव चढवायची म्हणजे लोहार आलाच. खाडीकाठी आगरी आणि कोळी, भातखाचरांत कुळवाडी, कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या पायथ्याला ठाकूर आणि कातकरी. एवढ्या तऱ्हेची माणसे, तेवढ्याच तऱ्हेची पाती.

भात कापायचा विळा बारीक दात्यांचा. तो करवतीसारखा ओढला की मूठभर धाटे एका झटक्यात सुटतात. गवत कापायचा विळा बिनदात्यांचा. स्वयंपाकघरातली विळी पाटावर बसवलेली. तिचे पाते स्थिर, भाजीच हाताने पात्यावर न्यायची, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. तिच्या टोकाला नारळ खवायची खवणी. मासळी कापणाऱ्या कोळणीचा कोयता वेगळा, चांभाराची कातडे कापायची रापी वेगळी. कातकऱ्याचा कोयता कंबरेला बांधलेल्या आकडीत अडकवलेला असतो. चालताना तो लागत नाही, झाडावर चढताना दोन्ही हात रिकामे राहतात, आणि पाहिजे तेव्हा मागे हात नेला की तो मुठीत येतो. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे म्हणून ज्यांना कातकरी हे नाव पडले, त्यांचे हे पाते म्हणजे त्यांच्या पूर्वजांच्या धंद्याची साक्षच आहे.

आता पाते घडते कसे, ते थोडक्यात पाहू. नरम लोखंड वाकते, पण तुटत नाही. कडक पोलादाला धार चांगली येते, पण घाव बसला की ते उडते. पात्याला तर दोन्ही गुण हवेत. म्हणून जुने लोहार अंग नरम लोखंडाचे ठेवीत आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करीत. पुढे रस्त्यावर मोटारी आल्या, आणि मोटारीच्या कमानीचे जुने पाटे लोहारांच्या हाती लागले. हे पोलाद चिवट असते. त्याचा कोयता उत्तम होतो. तेव्हा तुमच्या घरचा कोयता एके काळी एखाद्या मालमोटारीखाली धावलेला असायचा, बरं का!

पाते लालबुंद तापवून पाण्यात बुडवायचे, याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी जास्त बसले तर धारेचे टवके उडतात. कमी बसले तर धार मुडपते. म्हणून पाणी दिल्यावर पाते पुन्हा बेताने तापवतात. धारेवर पिवळसर झाक धरू लागली की थांबतात. ही झाक ओळखणे हीच लोहाराची विद्या. तिचे पुस्तक नाही. भात्याची दोरी ओढत बसलेल्या मुलाने बापाच्या हाताकडे पाहून ती उचलायची. धार झिजली की नवे पोलाद घालून किंवा ठोकून ती पुन्हा काढून घेणे, याला ‘शेवटणे’ असा शब्द आहे. ‘कुऱ्हाड शेवटून आणली’ असे म्हातारी माणसे सहज बोलतात. वर्गातल्या मुलांना हा शब्द विचारून पाहा. किती जणांना सांगता येतो?

वस्तूंबरोबर त्यांची हकीकत जपण्याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. त्यांनी राजेमहाराजांच्या खजिन्यांकडे नव्हे, तर घराघरांतल्या दिव्यांकडे, कुलपांकडे, स्वयंपाकाच्या भांड्यांकडे पाहिले. त्यांचा अडकित्त्यांचा संग्रह तर पाहत राहावे असा. सुपारी कातरायची ती काय एक कात्री, पण तिला कोणी घोड्याचा आकार दिला, कोणी पक्ष्याचा, कोणी नवराबायकोच्या जोडीचा. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी या संग्रहाला दिले. १९७५ मध्ये हा सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. शाळेची सहल पुण्याला गेली तर मुलांना तिथे अवश्य न्या.

पण गुरुजी, सहलीची वाट कशाला पाहायची? आपल्या शाळेतच हे काम होऊ शकते, आणि त्याला पैसा लागत नाही. नवरात्रात खंडेनवमीला घरोघर हत्यारे पुजतात. वर्षभर कोपऱ्यात, माळ्यावर, गोठ्यात पडलेली सगळी पाती त्या दिवशी धुऊनपुसून एका जागी मांडलेली असतात. गंधफूल वाहिलेले असते, आणि घरातली वडील मंडळीही तिथेच असतात. असा दिवस पुन्हा वर्षाने येणार. त्या दिवशी मुलांना वही घेऊन आपापल्या घरी बसवा. मोठ्या माणसाला शेजारी घेऊन कोरा कागद अंथरावा, त्यावर पाते ठेवावे आणि मोठ्यानेच ते धरून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून घ्यावी. झाला आकार. मग प्रश्न विचारावे. याचे आपल्या घरातले नाव काय? कोणत्या कामाचे? कोणी घडवले, कोणत्या गावी? मोबदला रोख दिला की धान्य? मूठ कोणत्या लाकडाची? कितींदा बदलली? सर्वांत आधी कोणी वापरले? उत्तर जसे बोलले जाईल तसेच लिहावे. आजी ‘विळी’ न म्हणता ‘मोरळी’ म्हणाली, तर ‘मोरळी’च लिहावे. ते शुद्ध करू नये. बोलीतला शब्द हाच त्या वस्तूवरचा शिक्का आहे.

अशा पन्नास घरांच्या पन्नास वह्या जमल्या की पाहा काय दिसते ते. शेजारच्या गावचा कोयता टोकाशी अधिक वळलेला का? एकाच लोहाराचे हात किती घरांत पोचले? बलुत्याचे धान्य कधी बंद झाले आणि रोख कधी सुरू झाली? हा इतिहास आहे, भूगोल आहे, भाषाही आहे. आणि मुख्य म्हणजे, कुणाच्या घरचे कामाचे हत्यार आपण हिरावून आणलेले नाही. ज्याच्या पोटाला कोयता लागतो, त्याच्याकडून तो मागून घेणे हा संग्रह नव्हे. आकार आणि हकीकत घ्या, वस्तू त्याच्या घरी राहू द्या. मोडीत निघालेली, घरच्यांनी आपखुशीने दिलेली वस्तू तेवढी शाळेत ठेवा.

ठेवताना चार गोष्टी पाळा. कोकणातली हवा दमट, त्यामुळे लोखंड तांबते. तांबूस भुगा निघतो तो गंज, तो काढावा. पण पात्यावरची काळपट झाक हे त्याचे वय आहे. घासूनपुसून ती चकाकवू नये. शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. खाद्यतेल काही दिवसांनी चिकट होते. पाते चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. धारेवर जाड कापड गुंडाळून सारे कुलपात ठेवावे, आणि मुलांनी ते शिक्षकांच्या देखतच हाताळावे.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी केलेल्या वस्तू शस्त्रांत धरलेल्या नाहीत. पण तलवार, कट्यार, भाला यांची गोष्ट निराळी. कोणी प्रेमाने असे काही आणून दिले तर ते शाळेत ठेवून घेऊ नये. घरच्यांनाच पोलीस ठाण्यात चौकशी करायला सांगावे. आपला संग्रह अवजारांचा असू द्या.

हे काम आजच का करायचे, तेही सांगतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल, उरण व ठाणे तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. पुढे विमानतळासाठी कोपर, कोल्ही, चिंचपाडा अशी गावठाणे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या खाचरांत विळा चालायचा तिथे आता धावपट्टी आहे. विकास होऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण घर हलवताना माणसे काय काय नेतात? देव नेतात, कागदपत्रे नेतात, भांडी नेतात. शेतच उरले नाही तर विळा कशाला न्यायचा? तो मागे राहतो, आणि त्याच्याबरोबर त्याची नावेही मागे राहतात. वीस वर्षांनी तिथल्याच एखाद्या मुलाने विचारले, ‘आपले आजोबा कशाने भात कापायचे?’ तर त्याच्या हाती निदान एक वही असावी.

परदेशातला चाकू आपले वय ठिपक्यांनी सांगतो. आपल्या कोयत्याचे वय सांगणारी माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. येत्या खंडेनवमीला त्यांच्यापाशी बसा, आणि पहिला प्रश्न हाच विचारा : ‘आजी, हा कोयता आपल्या घरी कधी आला?’