पन्हळी पुठ्ठ्याची मोठी खोकी आणि आपला शेतमाल

नांदेड जिल्ह्यात अर्धापूर व आसपासच्या भागात इसापूर धरणाच्या पाण्यावर केळीच्या बागा वाढल्या. माल उत्तम निघतो. परंतु पुष्कळ ठिकाणी घड ट्रकमध्ये एकावर एक रचून, मध्ये केळीची पाने घालून दूरच्या बाजारी धाडले जातात. हिरव्या सालीला बसलेला मार त्या वेळी दिसत नाही. फळ पिकू लागले की तेथे काळे डाग उमटतात व भाव पडतो. लागवडीपासून काढणीपर्यंतचा सारा खर्च होऊन गेल्यावर होणारे हे नुकसान शेतकऱ्यास विशेष जाचक असते.

परदेशी जाणाऱ्या केळीसाठी म्हणूनच पन्हळी पुठ्ठ्याची खोकी वापरतात. फण्या वेगळ्या करून, चीक धुऊन, सुमारे १३ किलो माल एका खोक्यात भरतात. शीतपेटीत तो १३ ते १४ अंश सेल्सियसवर ठेवतात. याहून गार झाल्यास साल काळवंडते.

मग शेकडो किलो मावणारी मोठी खोकी का वापरू नयेत, असा प्रश्न सहज सुचतो. अमेरिकेत कलिंगडे व भोपळे अशा खोक्यांतून, खाली लाकडी फळी ठेवून, यंत्राने उचलून नेतात. टणक सालीच्या फळांना ते साधते. केळीचा थर उंच झाला की वरच्या मालाचा भार तळच्या फळांवर पडतो. लहान खोक्यात तो भार फळांऐवजी खोक्याच्या भिंती पेलतात, आणि त्याचेच पैसे आपण मोजत असतो.

दोन सपाट कागदांमध्ये लाटेसारखा कागद चिकटवून हा पुठ्ठा होतो. त्याचे बळ उभ्या पन्हळींत व मुख्यतः कोपऱ्यांत असते. यासाठी कोपऱ्यावर कोपरा येईल अशी खोकी रचावीत. विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून रचल्यास थप्पी न हलता उभी राहते खरी, पण खोक्यांची बरीच ताकद वाया जाते. दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो. शीतगृहातील हवा दमटच असते, तेव्हा स्वस्त, पातळ खोके घेणे परवडत नाही.

लातूरच्या तूर-सोयाबीनची गोष्ट निराळी आहे. सुटे धान्य खोक्याच्या भिंतींना बाहेर रेटते. त्यास अनेक पदरी जाड पुठ्ठा व आत प्लास्टिकचे अस्तर लागते. पुठ्ठा उंदीर कुरतडतात. तुरीतील भुंगेऱ्याची अंडी तर शेतातूनच शेंगांवर येतात. त्यास खोके काय करणार? घरच्या साठवणीस नीट वाळविलेले धान्य व घट्ट झाकणाची पत्र्याची कोठीच बरी. बाजारसमितीत नेण्यास गोणी पुरेशी आहे.

केळीची खोकीही नांदेडच्या बाजारापुरती घेऊ नयेत. दूरचा ग्राहक त्यांची किंमत भावात देत असेल तरच, आणि शक्यतो चार-सहा बागाईतदारांनी मिळून ती आणवावीत. आलेली खोकी उघडण्यापूर्वी फळ्यांवर, जमिनीपासून वर व पावसाच्या झडीपासून दूर, आडवी ठेवावीत.