‘अपघाती’ या शब्दापाशी
परदेशातली नोकरी : लेखांक ७

दापोली तालुक्यातल्या एका घरात दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्यासमोर एक फाइल आली. निळं प्लास्टिक, वर पांढरं बटण. थोरला मुलगा शारजात एसी मेकॅनिक होता. वय एकेचाळीस. रात्री जेवून खोलीवर झोपला, पहाटेच्या बससाठी सोबत्यांनी उठवायला हात लावला तर अंग गार. मय्यत तिकडेच दफन झाली. घरी आली ती ही फाइल, दोन मोबाइल आणि एक घड्याळ.

माझी नोकरी विम्याच्या क्लेमच्या टेबलावर गेली, म्हणून एक स्नेही मला घेऊन गेले होते. पासपोर्टच्या झेरॉक्सखाली चार घड्या घातलेला एक कागद होता. तो पुढे करून मुलाची आई, आमच्या चाची, म्हणाल्या, “ह्यो बघा. एजंटान दिलान. धा लाखाचा हाय.” कागद खरा होता, मुदतीतलाही होता. प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी, रक्कम दहा लाख. पण रकमेच्या आधी दोन शब्द होते, ‘अ‍ॅक्सिडेंटल डेथ’. आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं हृदय बंद पडल्याचं.

हे चाचींना सांगायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागला.

मागच्या लेखांकात ग्रॅच्युइटीचा हिशेब झाला. तेव्हाच कुणीतरी विचारलं होतं की माणूस तिकडे गेला तर घराला काय मिळतं. त्याचं उत्तर बरंचसं या एका शब्दावर, ‘अपघाती’वर, अडतं. म्हणून आज तिथेच थांबू.

ही सरकारी योजना टाकाऊ आहे असं मुळीच नाही. २००३ च्या डिसेंबरात ती सुरू झाली, पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, असतं. अशा माणसाला आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची परवानगी लागते, आणि तिच्यासाठी हा विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. मालक बदलला तरी विमा चालू राहतो, ही तिची मोठी जमेची बाजू. २०१७ पासून तर अपघाताचा दाखला तिथल्या भारतीय वकिलातीनं दिला तरी चालतो, त्यामुळे घरच्यांची वणवण कमी झाली.

अडचण दुसरीकडे आहे. एक तर दहावी पास झाला की पासपोर्टवरचं ईसीआर जातं आणि त्याबरोबर सक्तीही जाते. आज कोकणातून निघणारा वेल्डर, ड्रायव्हर, एसीवाला बहुधा दहावी झालेलाच असतो. शिक्षणामुळे विम्यातून सुटलेली ही मंडळी! दुसरं, व्हिजिट व्हिसावर जाऊन तिकडे नोकरी पकडणारे या सगळ्या वाटेलाच फिरकत नाहीत. तिसरं, पॉलिसी दोन-तीन वर्षांची आणि माणूस तिकडे दहा-दहा वर्षं राहतो. ऑनलाइन नूतनीकरण होतं, पण करतो कोण? चाचींच्या मुलानं केलं होतं. नियमाप्रमाणे वागलेला माणूस तो, आणि तरी हात रिकामेच राहिले.

आखातातल्या मरणाची बातमी होते ती मंगाफसारख्या प्रसंगी. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या इमारतीत आग लागली आणि ४५ भारतीय गेले. हा अपघात, विमा इथे कामाला येतो. पण असे प्रसंग मोजके. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे २०२२ साली १,७५० मृत्यूंची नोंद झाली, त्यात सुमारे ११०० कामगार होते. २०२३ मध्ये १,५१३, त्यात कामगार हजाराच्या घरात. आणि यातले ९० टक्क्यांहून अधिक मृत्यू नैसर्गिक कारणांनी झालेले. म्हणजे सक्तीचा विमा ज्या मरणाचा, ते मरण दहात एखाद्याच्याही वाट्याला जेमतेम येतं.

त्या फाइलीतले आकडे घेऊनच हिशेब मांडतो, कारण हा फरक रुपयांत पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. मुलाचा बेसिक हजार दिरहम, ओव्हरटाइम धरून हातात पंधराशेच्या आसपास. नोकरी आठ वर्षं. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा बेसिक पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. एकूण १९५ दिवस, म्हणजे साडेसहा हजार दिरहम. आपल्याकडे दीड लाखाच्या आत. राहिलेला पगार आणि न घेतलेल्या रजांचे पैसे वेगळे. बस्स.

हाच मुलगा काम करताना शिडीवरून पडून गेला असता तर? मग कामावरच्या मृत्यूची भरपाई लागू झाली असती. ती २४ महिन्यांच्या बेसिकइतकी, कमीत कमी १८ हजार आणि जास्तीत जास्त दोन लाख दिरहम. त्याच्या बाबतीत २४ हजार दिरहम. त्यावर ग्रॅच्युइटी, त्यावर आपल्या योजनेचे दहा लाख. सगळं मिळून सतरा लाखांच्या आसपास. माणूस तोच, घर तेच, कर्ज तेच. सौदीतही मालक परदेशी कामगारामागे पगाराच्या दोन टक्के भरतो ते कामावरच्या धोक्यासाठीच. कामगार कामावर मेला तर त्याची किंमत, खोलीवर मेला तर तो त्याचा त्याचा, असा या सगळ्या व्यवस्थेचा सूर आहे. पन्नास अंशांच्या उन्हात दिवसभर गच्चीवर एसी बसवून रात्री हृदय थांबलं, तर ते कामामुळे की नैसर्गिक, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो.

ही फट भरायची तर एकच साधन आहे. कारण न विचारणारा आयुर्विमा, आणि तो मालकानं घेतलेला. यालाच ग्रुप लाइफ म्हणतात. पॉलिसी एकच, मालकाच्या नावे. कामगारांची फक्त यादी. शंभर-दोनशे माणसं एकदम आली की विमा कंपनी एकेकाची नाडी पाहत बसत नाही, ठरावीक रकमेपर्यंत मेडिकल न करता सगळ्यांना घेते. म्हणून हप्ता आश्चर्य वाटावं इतका कमी पडतो.

किती कमी, ते दुबईत दिसलं. तिथल्या वाणिज्य दूतावासाच्या पुढाकारानं १ मार्च २०२४ पासून भारतीय कामगारांसाठी ‘लाइफ प्रोटेक्शन प्लॅन’ सुरू झाला. गरगाश इन्शुरन्स सर्व्हिसेस आणि ओरिएंट इन्शुरन्स यांच्यामार्फत. वर्षाचा हप्ता माणशी ३७ ते ७२ दिरहम, आणि मृत्यूनंतर ३५ हजार ते ७५ हजार दिरहम. मृत्यू अपघाती असो वा नैसर्गिक. शिवाय मृतदेह मायदेशी पाठवायला १२ हजारांपर्यंत खर्च. ३७ दिरहम म्हणजे तेव्हाच्या दरानं साडेआठशे रुपयांच्या आत. चाचींच्या मुलाच्या कंपनीनं वर्षाला एवढे खर्चले असते तर घरी आठ लाखांच्या आसपास आले असते. वर्षाला ३७ दिरहम! माझ्या मते हा विमा आखातात जाणाऱ्या प्रत्येक करारात आपल्या सरकारनं सक्तीचा करायला हवा होता, २७५ रुपयांवाला नव्हे. कंपनीला हे परवडत नाही असं कुणी म्हणालं तर त्या कंपनीत पगार वेळेवर होत असेल का, याचीच मला शंका येईल.

ऑफिसात बसणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि त्यांच्याबद्दल मी थोडक्यात आवरतो, कारण त्यांना हे सांगणारे एचआर, पोर्टल आणि मेहुणे पुष्कळ असतात. लंडनला नोकरी लागली की बहुधा ‘डेथ इन सर्व्हिस’ विमा असतो, पुष्कळ ठिकाणी वार्षिक पगाराच्या चौपट. अमेरिकेत पगाराच्या एकपट-दुपट ग्रुप लाइफ सर्रास. ५० हजार डॉलरपर्यंतच्या विम्याचा मालकानं भरलेला हप्ता करमुक्त. हिंजवडीतून दोन वर्षांसाठी डेप्युटेशनवर गेलेल्याचा पीएफ इथे चालू असेल तर ईडीएलआयचं, म्हणजे पीएफला जोडलेल्या विम्याचं, सात लाखांपर्यंतचं छत्रही डोक्यावर राहतं. पण ‘आमचा आहे विमा’ म्हणून निर्धास्त असलेल्या या मंडळींची गाडी एकाच ठिकाणी घसरते. विमा नोकरीचा असतो, माणसाचा नसतो. अमेरिकेत नोकरी गेली की ग्रुप लाइफ थांबतो. तो स्वतःच्या नावावर करून घ्यायला साधारण ३१ दिवस मिळतात, आणि तेव्हा हप्ता वयाप्रमाणे लागतो. एच-वन-बीवाल्याला देशात राहायलाच ६० दिवस. त्या ६० दिवसांत घरभाडं, मुलांची शाळा, मुलाखती, असं सगळं डोक्यात असतं. ३१ वा दिवस कधी उलटला ते कुणाला कळतही नाही.

तर ऑफर लेटर हातात आल्यावर पाहायचं काय? ‘इन्शुरन्स’ एवढाच शब्द असेल तर तो बहुतेक मेडिकल कार्डाचा असतो. आखातात ते काही ठिकाणी कायद्यानंच द्यावं लागतं, त्यामुळे त्यात मालकाचा मोठेपणा नाही. ‘लाइफ’ शब्द असेल तर पुढचं विचारा: कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी का, की फक्त अपघातानं? रकमेचा हिशेब बेसिकवर की पूर्ण पगारावर? आखातात बेसिक मुद्दाम लहान ठेवतात, हे आपण तिसऱ्या लेखांकात पाहिलंच. सुट्टीवर गावी आल्यावरही चालू असतो का? चांगल्या ग्रुप पॉलिसीत चोवीस तास, जगात कुठेही चालतो; म्हणजे दापोली-हर्णे रस्त्यावर मोटरसायकल घसरली तरी. आणि आपल्या नावाचा सर्टिफिकेटचा कागद मागून घ्या. मूळ पॉलिसी मालकाकडे असते, तो दर वर्षी विमा कंपनी बदलू शकतो, आणि गावातल्या बायकोला कंपनीचं नावही ठाऊक नसतं. माझ्या टेबलावर असे क्लेम आलेत की पैसे तयार होते, मागायला कुणी नव्हतं.

नॉमिनीचंही तसंच. लग्नाआधी लिहिलेलं नाव बदलायचं राहून जातं. नॉमिनीच नसेल तर वारसाचा दाखला लागतो, आणि तो परदेशी चालायला आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात, असे शिक्के घ्यावे लागतात. अमिरातीला अपोस्टिल चालत नाही, त्यामुळे हा तिसरा शिक्का चुकत नाही. दापोलीहून मुंबईला किती फेऱ्या होतात, ते चाचींच्या दिरांना विचारा. साडेसहा हजार दिरहमच्या ग्रॅच्युइटीसाठी त्यांनी चार केल्या.

या वर्षी चाचींचा धाकटा दोह्याला निघाला. दहावी पास, त्यामुळे ईसीआर नाही, सक्तीचा विमाही नाही. ऑफर लेटरचा फोटो त्यानं मला पाठवला. ‘इन्शुरन्स : अ‍ॅज पर कंपनी पॉलिसी.’ मी म्हटलं, विचार. त्यानं एजंटाला विचारलं, एजंटानं कंपनीला. तीन दिवसांनी उत्तर आलं, मेडिकल आहे, लाइफ नाही. नोकरी सोडायचा प्रश्नच नव्हता, घरातलं कर्ज तसंच उभं होतं.

मग निघण्याआधी एका सकाळी तो बँकेत गेला आणि पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचा फॉर्म भरून आला. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचा विमा, मृत्यू कोणत्याही कारणानं आला तरी. अपघात नसेल तर पहिले ३० दिवस तेवढे वगळायचे. अनिवासी भारतीयालाही इथल्या बँकेत खातं असेल तर तो चालतो, पैसे मात्र रुपयांतच मिळतात. दोन लाख म्हणजे फार नव्हेत. मोठी टर्म पॉलिसी तिकडचे सहा महिन्यांचे पगाराचे कागद हातात आले की घ्यायची, असं ठरलंय. नॉमिनी बायको की आई, यावर घरात दोन संध्याकाळी बोलणं झालं. शेवटी चाचींनीच सुनेचं नाव घालायला लावलं.

हप्ता दर वर्षी मेअखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो, खात्यात पैसे असले तर. ते बघायचं काम चाचींनी घेतलंय. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मे महिन्याच्या पानावर त्यांनी शेवटच्या आठवड्याभोवती पेननं गोल काढलाय आणि आत मोठ्या आकड्यांत लिहिलंय, ४३६.