गेमची तारीख पुढे गेली: डेव्हलपरने काय सांगायला हवं आणि बॅकरने काय वाचायला हवं

गेमची रिलीज डेट पुढे ढकलली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काही जण म्हणतात, "फसवलं आपल्याला." बाकीचे म्हणतात, "घाई नको, नीट बनवा." खरं तर नुसत्या उशिरावरून यातलं काहीच ठरवता येत नाही. उशीर चांगल्या गेमला होतो, वाईट गेमला होतो आणि कधीच न येणाऱ्या गेमलाही होतो. फरक कळतो तो डेव्हलपर उशीर कसा सांगतो त्यावरून. तुम्ही गेमसाठी आधीच पैसे दिले असतील, किंवा स्वतः गेम बनवून लोकांकडून पैसे उभे करणार असाल, तर हा फरक ओळखता यायला हवा.

आधी बघा, तुम्ही नेमके कोण?

गेम येण्याआधी त्यात अडकायचे चार प्रकार आहेत आणि चौघांचे हक्क वेगवेगळे आहेत.

प्री-रजिस्ट्रेशन: यात पैसे जात नाहीत. गेम आला की फोनवर कळतं, एवढंच. उशीर झाला तर चिडचिड होईल, पण खिशाला धक्का नाही.

प्री-ऑर्डर: यात तुम्ही गिऱ्हाईक असता. स्टीमवर प्री-ऑर्डर केलेल्या गेमचे पैसे रिलीज होईपर्यंत केव्हाही परत मागता येतात.

अर्ली अ‍ॅक्सेस: अर्धवट गेम आज विकत घेऊन आजच खेळायचा. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो. त्यानंतर गेम पूर्ण होवो न होवो, पैसे गेले. इथे हिशेब सोपा ठेवा. आज जेवढा गेम आहे, तेवढ्याला ही किंमत पटते का?

बॅकर: किकस्टार्टरसारख्या ठिकाणी गेम बनवायलाच पैसे देणारा तो बॅकर, म्हणजे पाठीराखा. तो ना गिऱ्हाईक असतो, ना भागीदार. गेम तुफान चालला तरी त्याला नफ्यात वाटा नाही. किकस्टार्टर स्वतः रिफंड देत नाही, आणि प्रोजेक्टच्या पानावरची 'अंदाजे डिलिव्हरी'ची तारीख हा डेव्हलपरचा अंदाजच असतो. मात्र त्यांच्या नियमांनुसार डेव्हलपरवर काही जबाबदाऱ्या आहेत. काम पूर्ण होणार नसेल तर पैसे कसे खर्च झाले ते सांगायचं, काय अडलं ते सांगायचं आणि उरलेले पैसे बॅकरना त्यांच्या हिश्श्याने परत करायची तयारी दाखवायची, किंवा त्या पैशांतून प्रोजेक्ट दुसऱ्या स्वरूपात कसा पूर्ण करणार ते सांगायचं.

थोडक्यात, बॅकरच्या हातात माहिती सोडून फारसं काही नसतं. म्हणून ती माहिती कशी मिळते हा मुद्दा मोठा.

पुण्यातली दोन उदाहरणं

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७ मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' या गेमसाठी किकस्टार्टरवर मोहीम काढली. ठरवलेली रक्कम जमली नाही. किकस्टार्टरवर नियम 'सगळं किंवा काहीच नाही' असा आहे. टार्गेट पूर्ण झालं नाही तर कुणाच्याच कार्डवरून पैसे कापले जात नाहीत. टीमने काम सोडलं नाही. गेम १८ ऑगस्ट २०२० ला आधी निन्टेन्डो स्विचवर आला, आणि १५ ऑक्टोबर २०२० ला पीसी, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर.

मोहीम फसली ही वाईटच बातमी. पण यात एक संरक्षण दडलेलं आहे. अर्धे पैसे घेऊन पूर्ण गेमचं वचन अंगावर घेणं ही सगळ्यात वाईट अवस्था, कारण तेव्हा उशीर पहिल्याच दिवशी ठरलेला असतो.

दुसरं उदाहरण सुपरगेमिंग या पुण्याच्याच कंपनीचं. त्यांचा 'इंडस बॅटल रोयाल' २०२२ मध्ये जाहीर झाला, जानेवारी २०२३ मध्ये गूगल प्लेवर प्री-रजिस्ट्रेशन उघडलं आणि गेम आला १६ ऑक्टोबर २०२४ ला. म्हणजे नाव नोंदवून पावणेदोन वर्षं थांबावं लागलं. या काळात एक कोटीच्या वर लोकांनी नोंदणी केली. कंपनीने मधल्या काळात प्लेटेस्ट घेतल्या आणि क्लोज्ड बीटा चालवला. थांबलेल्या माणसाला पोस्टरपेक्षा खेळता येणारा बिल्ड जास्त सांगून जातो, हे इथून लक्षात ठेवायचं.

उशीर होतो कुठे?

एक कल्पित टीम घेऊ. समजा, भोरमधल्या तीन मित्रांनी राजगडावर गेम करायचं ठरवलं. खेळाडू म्हणजे रात्री गडावर निरोप पोचवणारा हेर. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि शेवटी बालेकिल्ला, असे चार टप्पे. पद्मावती माचीचा टप्पा दोन महिन्यांत झाला, म्हणून त्यांनी गणित मांडलं: चार टप्पे, आठ महिने, दिवाळीला रिलीज.

हे गणित तीन ठिकाणी फसतं.

पहिलं, सगळे टप्पे सारखे नसतात. पद्मावती माची ऐसपैस आहे. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे आणि दोन तटांच्या मधून अरुंद वाट जाते. गडावर ही वाट बघायला भारी वाटते, गेममध्ये ती डोकेदुखी होते. थर्ड पर्सन कॅमेरा खेळाडूच्या मागे काही अंतरावर असतो. वाट अरुंद झाली की तो थेट भिंतीत घुसतो. कॉम्प्युटरने चालवलेले पहारेकरी एकमेकांना अडून उभे राहतात. म्हणजे कॅमेऱ्याचा आणि रस्ता शोधण्याचा कोड पुन्हा लिहायचा आणि आधीचे झालेले टप्पेही नव्याने तपासायचे.

दुसरं, शेवटचं काम दिसत नाही. बेल लॅब्जच्या टॉम कारगिल यांच्या नावावर एक विनोदी नियम आहे: पहिला ९० टक्के कोड ठरलेला ९० टक्के वेळ खातो आणि उरलेला १० टक्के कोड आणखी ९० टक्के वेळ खातो. त्यात बग काढणं, सेव्ह फाइल न बिघडणं, तीन-चार वर्षं जुन्या फोनवर गेम चालणं असं सगळं येतं. ऑनलाइन स्कोअर असेल तर वेल्ह्यासारख्या (आताचा राजगड तालुका) डोंगरी भागात, जिथे रेंज येते-जाते, तिथेही गेम अडकायला नको. कन्सोलवर तर सोनी, निन्टेन्डो किंवा मायक्रोसॉफ्टची तांत्रिक तपासणी पास व्हावी लागते. नापास झालात की दुरुस्ती करून पुन्हा रांगेत.

तिसरं, माणसं वाढवून प्रत्येक काम लवकर होत नाही. भोर-वेल्ह्यात हे समजावून सांगायची गरज नाही. लावणीला माणसं वाढवली की खाचर लवकर उरकतं, पण भात पिकायचे दिवस त्याने कमी होत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये तर उलटंही होतं. नव्या माणसाला जुना कोड समजावण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रूक्स यांनी 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात १९७५ मध्येच लिहून ठेवलंय.

बोलणं म्हणजे नुसतं अपडेट टाकणं नव्हे

आता जगातली तीन उदाहरणं. तिन्हीत उशीर झाला, पण संवादाची तऱ्हा वेगळी होती.

डबल फाइन या स्टुडिओने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर ४ लाख डॉलर मागितले आणि ३३ लाखांहून जास्त मिळाले. हाच पुढे 'ब्रोकन एज' झाला. तारीख होती ऑक्टोबर २०१२. पण पैसा वाढला तसा गेमचा आराखडाही फुगला. जुलै २०१३ मध्ये टिम शेफर यांनी बॅकरना पत्र लिहून सांगितलं की आराखडा पैशांपेक्षा मोठा झालाय, त्यामुळे गेमचे दोन भाग करू आणि पहिल्या भागाच्या विक्रीतून दुसरा पूर्ण करू. बरेच जण चिडले. पण आकडा, कारण आणि मार्ग तिन्ही समोर होतं. शिवाय काम कसं चाललंय याची डॉक्युमेंटरी बॅकरना सुरुवातीपासून दाखवली जात होती. पहिला भाग जानेवारी २०१४ ला आला, दुसरा एप्रिल २०१५ ला.

'हॉलो नाइट' बनवणाऱ्या टीम चेरीचं दुसरं टोक. त्यांच्या २०१४ च्या किकस्टार्टरमध्ये हॉर्नेट या पात्राचं वचन होतं. ते वाढत वाढत 'सिल्कसाँग' हा स्वतंत्र गेम झाला. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. मधल्या वर्षांत टीम बराच काळ गप्प होती, आणि पक्की तारीख कळली ती फक्त दोन आठवडे आधी. गेम आला, गाजला. मग गप्प बसणं बरोबर का? इथे एक गोष्ट विसरू नका. बॅकरना मूळ गेम २०१७ मध्येच मिळाला होता आणि टीम छोटी, स्वतःच्या कमाईवर चालणारी होती. ज्याने अजून काहीच दिलेलं नाही त्याला ही सूट मिळत नाही.

तिसरं उदाहरण 'स्टार सिटिझन'. किकस्टार्टर २०१२ चं, डिलिव्हरीचा अंदाज नोव्हेंबर २०१४ चा. संवादात कमी नाही. व्हिडिओ, रोडमॅप, लेख सतत येत असतात. खेळता येणारा अल्फाही आहे. पण पूर्ण झालेला गेम अजून आलेला नाही. म्हणजे अपडेट किती येतात हे मोजून उपयोग नाही. प्रत्येक अपडेटनंतर शेवट जवळ आला की लांब गेला, हे कळलं पाहिजे.

आपल्या भोरच्या टीमचे दोन अपडेट

दिवाळी चुकणार हे तिघांना कळलं. आता बॅकरना काय लिहायचं? पहिला नमुना असा:

"नमस्कार! गेमवर जोरात काम चालू आहे. तुम्हाला सर्वोत्तम अनुभव द्यायचा असल्याने थोडा जास्त वेळ लागेल. लवकरच मोठी बातमी देऊ. तुमचं प्रेम असंच राहू द्या!"

आणि दुसरा:

"दिवाळीला गेम देऊ म्हणालो होतो, ते जमणार नाही. पद्मावती आणि सुवेळा माची पूर्ण आहेत. सोबतचा व्हिडिओ याच आठवड्याच्या बिल्डचा आहे. संजीवनीच्या दोन तटांमध्ये कॅमेरा भिंतीत जातो, त्याला ठरवल्याच्या तिप्पट वेळ लागला. बालेकिल्ला सुरू केलेला नाही. उरलेल्या पैशांत मार्चपर्यंत काम चालेल, म्हणून मल्टिप्लेअर काढून टाकतोय. नवी तारीख आज देत नाही. १५ जानेवारीला संजीवनीचा खेळता येणारा बिल्ड तुम्हाला देऊ, त्यानंतर तारीख सांगू. फक्त मल्टिप्लेअरसाठी पैसे दिले असतील तर ३१ डिसेंबरपर्यंत कळवा, परत करू."

पहिल्यात खोटं काहीच नाही, पण कळतही काही नाही. दुसरा वाचून काही जण पैसे परत मागतील. तरीही तोच लिहायचा, कारण त्यात पाच गोष्टी आहेत: काय झालं, काय राहिलं, कशामुळे अडलं, पैसे कधीपर्यंत पुरतील आणि पुढची तपासता येईल अशी पायरी कोणती. नवी तारीख न देणंही तिथे शहाणपणाचं आहे. सारखी सारखी चुकणारी तारीख एकाच मोठ्या उशिरापेक्षा जास्त विश्वास घालवते. 'सायबरपंक २०७७'ची तारीख २०२० मध्ये तीनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा तर गेम 'गोल्ड', म्हणजे डिस्क छापायला तयार, असं जाहीर झाल्यानंतर. तरी डिसेंबरमध्ये जुन्या कन्सोलवर तो इतका वाईट चालला की सोनीने आपल्या स्टोअरवरून काही महिने काढून टाकला. उशीर झाला म्हणून गेम चांगलाच होईल, अशी खात्री कुणी देऊ नये.

पैसे देण्याआधी एवढं बघा

टीमने याआधी काही पूर्ण केलंय का? छोटा मोबाइल गेम असला तरी चालेल, 'पूर्ण' महत्त्वाचं.

खेळता येणारा डेमो आहे का, की फक्त ट्रेलर?

मागितलेल्या रकमेत किती माणसं किती महिने राबतील? भागाकार करून बघा. महिन्याचा पगारही निघत नसेल तर उरलेला पैसा कुठून येणार हे विचारा.

टार्गेटच्या वर पैसे जमले की नवीन फीचर्सची यादी वाढतेय का? वाढत असेल तर तारीखही वाढणार हे धरून चाला.

अपडेट किती दिवसांनी येतात? स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेस गेमला बराच काळ अपडेट नसेल तर आता गेमच्या पानावरच तशी सूचना दिसते. ती वाचा.

आणि शेवटचं, रक्कम. हे पैसे परत आले नाहीत तर महिन्याचं बजेट कोलमडेल का? कोलमडणार असेल तर बॅकर होऊ नका. गेम येऊ द्या, लोकांना खेळू द्या आणि मग विकत घ्या. चांगल्या टीमला रिलीजच्या दिवशी मिळालेले पैसेही तितकेच लागतात.